खानापूरच्या लाल मातीवर तयार ट्रान्सपरंट ग्लेझ: माल कसा आहे आणि कुठे दगा देतो

सिरॅमिकचं सामान विकणाऱ्या दुकानांत एक किलोच्या साध्या प्लॅस्टिक पिशवीत पांढरी पूड मिळते. वर चिठ्ठी असते: ‘ट्रान्सपरंट ग्लॉस, लेड-फ्री, १००० ते १०५० अंश’. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरच्या घरी किंवा छोट्या स्टुडिओत मातीकाम करणारे बहुतेक जण पहिल्यांदा हीच पिशवी घेतात. खानापूर-नंदगड पट्ट्यातल्या लाल मातीवर हे ग्लेझ कसं बसतं, एवढ्यापुरताच हा आढावा आहे. पांढऱ्या तयार मातीवर त्याचं वागणं वेगळं असतं, ते इथे धरलेलं नाही.

आधी निकाल सांगतो. माल चांगला आहे. भाजल्यावर चमक स्वच्छ येते, लाल मातीचा रंग खुलून गडद तांबूस-तपकिरी होतो आणि हात फिरवला की काचेसारखा गुळगुळीतपणा लागतो. पण चिठ्ठीवरच्या सूचना दोन ओळींच्या आहेत आणि त्या आपली माती डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या नाहीत. ‘पाण्यात कालवा, बिस्किटवर (म्हणजे आधी एकदा कोरड्या भाजलेल्या भांड्यावर) लावा, भाजा’ एवढ्यावर विसंबलं तर फोड, सुईच्या टोकाएवढी भोकं आणि केसतडे ठरलेले. दोष मात्र बहुतेक वेळा पिशवीचा नसतो, खालच्या भांड्याचा असतो.

पिशवीत नेमकं काय आहे ते माहीत असलं की पुढचं सगळं सोपं जातं. ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळवलेली काच. काच होते ती सिलिकापासून, पण शुद्ध सिलिका वितळायला १७०० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणून त्याला लवकर वितळवणारं काहीतरी लागतं. या पिशवीत ते काम बोरॉन करतं. बोरॉन ज्यातून मिळतं तो बोरॅक्स पाण्यात विरघळतो, तो तसाच घातला तर ग्लेझच्या पाण्याबरोबर भांड्यात मुरून बसतो. म्हणून सिलिका आणि बोरॉन आधी एकत्र वितळवून, त्याची काच करून, ती दळून घेतात. हे फ्रिट. तिसरा घटक अ‍ॅल्युमिना. तो चायना क्ले या पांढऱ्या मातीतून येतो आणि वितळलेली काच उभ्या भिंतीवरून ओघळू देत नाही. (हाच अ‍ॅल्युमिना आपल्या बेळगावात यमनापूरच्या हिंडाल्कोत टनांनी तयार होतो.) या तापमानाच्या पारदर्शक ग्लेझमध्ये साधारण ८५ ते ९० भाग फ्रिट आणि १० ते १५ भाग चायना क्ले असते. म्हणजे पूड जवळजवळ सगळी दळलेली काचच. ती जड असते, बादलीच्या तळाशी पटकन बसते, आणि नवख्या माणसाची पहिली तक्रारही हीच असते.

आता खरा मुद्दा, बिस्किट. ग्लेझ लावण्याआधी भांडं एकदा कोरडं भाजून घेतात, ते बिस्किट. पांढऱ्या मातीकामाच्या सवयीने अनेक जण बिस्किट ९०० ते ९५० अंशांवर थांबवतात आणि ग्लेझ वर १०२० ला नेतात. लाल मातीला हे मानवत नाही. आपल्या मातीत लोहाबरोबर सेंद्रिय कचराही असतो. तो ७०० ते ९०० अंशांच्या दरम्यान जळून जायला वेळ आणि हवा दोन्ही लागतात. घाई केली तर भांड्याच्या पोटात काळी रेघ राहते. एखादं भांडं फोडून पाहिलं की ती दिसते. तो कार्बन मग ग्लेझच्या भाजणीत वायू होऊन बाहेर येतो, तोही नेमका वर काच वितळलेली असताना. वायू काचेतून बुडबुडा करून निसटतो आणि मागे भोक राहतं. बुडबुडा आत अडकला तर फोड.

उपाय असा की बिस्किट ग्लेझपेक्षा जास्त तापवायचं. बिस्किट १०३० ते १०४०, ग्लेझ १०१० ते १०२०. पहिल्या २५० अंशांपर्यंत तासाला ६० ते ८० अंश, भट्टीचं वरचं भोक उघडं. मग ६०० पर्यंत तासाला १००. मातीत रासायनिक बांधलेलं पाणी ४५० ते ६०० मध्ये सुटतं आणि ५७३ ला मातीतला क्वार्ट्झ (गारगोटीचे बारीक कण) एकदम फुगतो, म्हणून इथे जोर करू नये. ७०० ते ९०० या टप्प्यात पुन्हा सावकाश, भोक उघडंच. शेवटी १०३० ला वीस मिनिटं स्थिर. नीट भाजलेल्या बिस्किटला टिचकी मारली की टणक आवाज येतो आणि जीभ लावली की हलकीशी चिकटते. घट्ट चिकटून राहिली तर भाजणी कमी पडली आहे.

यावरून बाजारातल्या पणत्या, परळ आणि कुल्हडांचं काय, हा प्रश्न येतो. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या पारंपरिक भट्टीत, भाजलेली भांडी साधारण ७०० ते ८५० अंशांचीच असतात, शिवाय एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी. त्यांना थेट ग्लेझ लावू नये. लावायचंच असेल तर आधी विजेच्या भट्टीत कोरडीच १०३० ला पुन्हा भाजून घ्यावीत. काही तडकतील, काही वाकतील. जी नीट उरतील त्यांच्यावरच ग्लेझ घालावं. माठ, सुरई, रांजण यांना मात्र ग्लेझ लावूच नये. पाणी पाझरून वाफ होते म्हणूनच ते थंड राहतं, काचेने छिद्रं बुजवली की माठाचं काम संपलं.

अजून एक गोष्ट पूर्वेकडच्यांसाठी. गोकाक, अथणीकडच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे असतात. त्या बाजूची माती मिसळली असेल आणि गाळून घेतली नसेल तर ते खडे भट्टीत कळीचा चुना होतात. भांडं सुंदर निघतं, आणि काही दिवसांनी हवेतला ओलावा पिऊन चुना फुगतो व ग्लेझसकट टवका उडतो. त्या पांढऱ्या ठिपक्याला ग्लेझ जबाबदार नाही. माती पातळ करून बारीक चाळणीतून गाळणं हाच त्यावर इलाज.

कालवण्याबद्दल चिठ्ठीवर ‘आवश्यकतेनुसार पाणी’ असं लिहिलेलं आहे, ते निरुपयोगी आहे. एक किलो पुडीला एक लिटर पाणी हे प्रमाण बरोबर बसतं. त्यातून साधारण १.४ लिटर ग्लेझ होतं. पाणी बादलीत आधी, पूड वरून, उलट केलं तर गुठळ्या होतात. पूड ओतताना तोंडावर एन-९५ मास्क हवाच, दळलेल्या सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. सांडलेली पूड झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. रात्रभर भिजू द्यावं आणि सकाळी ८० नंबरच्या चाळणीतून दोनदा गाळावं. चहाच्या गाळणीचं हे काम नव्हे.

दाटपणा बोटाने ठरवू नये, वजनाने ठरवावा. १०० मिलिलीटर ग्लेझ काट्यावर १४२ ते १४६ ग्रॅम भरलं पाहिजे. औषधाच्या बाटलीचं माप आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा एवढ्यावर हे होतं, आणि दर वेळी सारखं ग्लेझ हवं असेल तर याला पर्याय नाही. १५० च्या वर गेलं तर थर जाड बसतो. १३५ च्या खाली पातळ, आणि भाजल्यावर भांडं खरखरीत व कोरडं दिसतं. पातळ झालंच तर तसंच ठेवावं, पूड खाली बसली की वरचं पाणी काढून घ्यावं.

तळाशी दगडासारखा गोळा बसणं हा या मालाचा खरा उणा मुद्दा. कंपनीने त्यात थोडं बेंटोनाइट (पूड तरंगत ठेवणारी बारीक माती) घालायला हवं होतं. घरी उपाय करता येतो: अर्धा चमचा एप्सम सॉल्ट कोमट पाण्यात विरघळवून त्याचे थोडे-थोडे थेंब घालत ढवळायचं. ग्लेझ हळूहळू सायीसारखं मऊ होतं आणि तरंगून राहतं. तिथेच थांबायचं. बोअरच्या जड पाण्यात कालवलं असेल तर हा परिणाम आपोआप होतो, कधी नको तितका; ग्लेझ विनाकारण घट्ट दिसतं आणि माणूस त्यात आणखी पाणी ओततो. वजन केलं की खरं काय ते कळतं. शक्य असेल तर गाळलेलं पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरावं.

लावताना भांड्यावर धूळ किंवा तेलकट हात नको. ओल्या स्पंजने बिस्किट एकदा पुसून वाळू द्यावं. धूळ राहिली की भाजताना ग्लेझ तिथून सरकतं आणि उघडा मातीचा डाग राहतो. तळाला वितळलेलं मेण लावावं किंवा ग्लेझ लावून झाल्यावर तळ आणि त्याच्या वरची पाच मिलिमीटर पट्टी स्पंजने साफ करावी. आधी आतून: कपात ग्लेझ ओतून, फिरवून, लगेच पालथं करून काढायचं. आतला भाग वाळला की बाहेरून. तीन सेकंद बुडवलं की पुरे. इथे एक व्यवहाराची अडचण आहे. साध्या बादलीत १.४ लिटरमध्ये नऊ सेंटिमीटर उंचीचा कप पुरता बुडत नाही, त्यामुळे एक किलोवाल्याला बाहेरून ओतूनच लावावं लागतं. ओतताना जिथे दोन धारा एकमेकींवर येतात तिथे थर दुप्पट होतो आणि पारदर्शक ग्लेझमध्ये तो दुधाळ पट्टा दिसतो. कप फिरवत एकाच झोकात ओतलं तर हे टळतं. बुडवूनच लावायचं असेल तर किमान तीन किलो घ्यावं. उंच अरुंद डबा असेल तर तेवढ्यात भागतं.

थराची जाडी तपासायला सुई पुरते. वाळलेल्या ग्लेझला कडेला सुई टोचून पाहावी, अर्धा मिलिमीटर हवा. एका कपाला आतून-बाहेरून तीस-पस्तीस ग्रॅम कोरडं ग्लेझ लागतं. सांडणं आणि बादलीला चिकटणं धरून एका किलोत पंचवीसच्या आसपास कप निघतात. ब्रशने लावणाऱ्यांसाठी हा माल तसाच कामाचा नाही. बिस्किट पाणी क्षणात शोषतं आणि ब्रश अडकतो. ब्रशच वापरायचा असेल तर सीएमसी गोंद पाण्यात फुगवून, कोरड्या पुडीच्या अर्धा टक्का मिसळावा आणि आडवे-उभे असे तीन पातळ हात द्यावेत.

पावसाळ्यात एक वेगळी काळजी. जून ते सप्टेंबर खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात हवा इतकी दमट असते की ग्लेझ लावलेलं भांडं दिवसभर ठेवलं तरी आतून ओलंच राहतं. ते तसंच भट्टीत गेलं तर वाफेने ग्लेझचे पोपडे उडतात आणि शेजारच्या भांड्यावर चिकटतात. या दिवसांत भट्टी १०० अंशांच्या खाली तासभर धरून, भोकापाशी आरसा नेऊन पाहावा. आरशावर वाफ धरेनाशी झाली की मगच वर न्यावं.

ग्लेझच्या भाजणीत तासाला १०० ने २०० पर्यंत, तिथून तासाला १५० ने १०१० पर्यंत आणि मग पंधरा मिनिटं स्थिर. चिठ्ठीवर १०५० पर्यंतची मुभा आहे ती आपल्या मातीवर घेऊ नये. त्या तापमानाला ग्लेझ कडेवरून पातळ होऊन खाली जमा होतं आणि लोहाच्या मातीवर फोडही येऊ लागतात. मीटरवरच्या आकड्यावर पूर्ण विसंबू नये. थर्मोकपल, म्हणजे मीटरला जोडलेली तापमान मोजणारी तार, जिथे आहे तिथलंच तापमान तो सांगतो, आणि काच वितळते ती तापमान आणि वेळ दोन्हींमुळे. म्हणून भांड्यांशेजारी कोन, म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा मातीचा छोटा सुळका, ठेवावा. ०६ नंबरचा ऑर्टन कोन साधारण १००० अंशांच्या आसपास वाकतो, ०४ नंबरचा १०६० च्या आसपास. ०६ पूर्ण वाकलेला आणि ०४ ताठ उभा, हे या ग्लेझचं बरोबर लक्षण. भट्टीच्या फळीवर अ‍ॅल्युमिना आणि चायना क्ले निम्मे-निम्मे पाण्यात कालवून हात दिलेला असावा, म्हणजे एखादा थेंब ओघळला तरी फळी वाचते. झाकण १०० अंशांखाली आल्यावरच उघडावं. आधी उघडलं तर टिंग-टिंग आवाज येतात, ते केसतडे पडल्याचे.

केसतड्यांबद्दल थोडं जास्त बोललं पाहिजे, कारण या ग्लेझवर सगळ्यात जास्त नाराजी त्याचीच असते. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं की त्यावर ताण येतो आणि ते केसासारखं चिरतं. पण आपल्याकडे आणखी एक प्रकार दिसतो: भट्टीतून निघालेलं भांडं स्वच्छ असतं आणि पावसाळा सरता-सरता त्यावर जाळी उमटते. कमी भाजलेली माती सच्छिद्र असते, ती तळाच्या उघड्या भागातून ओलावा पिऊन किंचित फुगते आणि वरची काच ताणली जाते. बिस्किट १०४० ला नेलं की हे बरंच कमी होतं. तरीही राहिलं तर कोरड्या पुडीच्या ३ ते ५ टक्के बारीक दळलेला क्वार्ट्झ मिसळावा आणि भाजणीत दहा मिनिटं जास्त धरावं. क्वार्ट्झने ग्लेझचं आकसणं कमी होतं. विकायला ठेवण्याआधी नमुन्याच्या कपात उकळतं पाणी, मग बर्फाचं पाणी, असं आलटून-पालटून करून वर शाई चोळून पुसावी. तडा असेल तर शाई रेघेत राहते.

आता खाण्याच्या भांड्यांचं. पूर्वी या तापमानाच्या झिलईत शिसं सर्रास असायचं, मुरदाडशिंग किंवा शेंदूर घालून. ते सुंदर वितळायचं, आणि आंबट पदार्थात उतरायचं. या पिशवीवर ‘लेड-फ्री’ लिहिलं आहे हे चांगलंच, पण भांडी विकायची असतील तर पिशवीच्या शब्दावर जाऊ नये. भाजलेला नमुना प्रयोगशाळेत देऊन शिसं आणि कॅडमियम तपासून घ्यावं. लिंबाची फोड रात्रभर ठेवून पाहण्याची चाचणी घरी जरूर करावी, सकाळी तिथे रंग फिकटला असेल तर ग्लेझ कच्चं आहे. पण शिशाचा पत्ता त्यातून लागत नाही. चहाचे कप, कोरड्या चटणीच्या वाट्या, ताटल्या यांना हे ग्लेझ ठीक. लोणच्याच्या बरणीला नको. मीठ आणि आंबट महिनोन्‌महिने एका जागी राहतं, एखाद्या केसतड्यातून ते सच्छिद्र मातीत उतरतं आणि बाहेरून मिठाची पांढरी खपली धरते. लोणच्याला स्टोनवेअरचीच बरणी हवी, १२०० अंशांच्या वर भाजलेली, जिची मातीच पाणी पीत नाही.

रंग घालून पाहणाऱ्यांसाठी: तांबडा आयर्न ऑक्साइड ३ ते ५ टक्के घातला की लाल मातीवर मधाळ तपकिरी रंग येतो, हा सगळ्यात भरवशाचा. कोबाल्ट कार्बोनेट अर्धा ते एक टक्का निळ्यासाठी, पण थेट लाल मातीवर तो काळपट दिसतो. आधी ओलसर कच्च्या भांड्यावर पांढऱ्या मातीचा हात द्यावा, मग निळा उठतो. कॉपर कार्बोनेटचा हिरवा बाहेरच्या अंगालाच ठेवावा, खाण्याच्या बाजूला नको. पांढरं अपारदर्शक हवं असेल तर १० ते १२ टक्के झिरकॉन. तोही थर पातळ पडला तर कडेला लाल माती डोकावते, आणि आपल्या मातीवर ते दिसतंही छान.

ज्यांच्याकडे भट्टी नाही आणि भाड्याने भाजून घ्यायचं आहे त्यांनी पैसे ठरवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: कोन लावता का, लाल माती स्वतंत्र भाजता की पांढऱ्या मालाबरोबर, आणि फळीवर ओघळलं तर भरपाई कोणाची. पहिल्याचं उत्तर ‘मीटर आहे ना’ असं आलं तर आपलेच कोन बरोबर न्यावेत. मातीकाम शिकायचंच असेल तर खानापूरलाच खादी ग्रामोद्योग आयोगाची सेंट्रल व्हिलेज पॉटरी इन्स्टिट्यूट आहे, तिथे चौकशी करावी.

उरलेलं ग्लेझ घट्ट झाकणाच्या बादलीत वर्षानुवर्षं टिकतं. गोंद घातलेलं मात्र सडतं आणि वास मारतं, म्हणून ते लागेल तेवढंच करावं. बादलीवर तारीख, १०० मिलिलीटरचं वजन आणि कुठल्या मातीवर लावलं ते मार्करने लिहावं. दुसरी पिशवी आणली की ती जुन्या बादलीत लगेच ओतू नये. फ्रिटची बॅच बदलली की वितळणं थोडं पुढे-मागे होतं. आधी त्याच मातीचा एक उभा तुकडा नव्या पुडीने भाजून जुन्या तुकड्याशेजारी ठेवून पाहावा.